घर बंद करायचं नसतं

"भावोजी, हा देवापुढचा दिवा आहे. तुमच्या लिफ्टचं मशीन नव्हे," वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने पितळेचा जुना दिवा मांडला होता. दिव्याच्या मागे जाड तार वाकवून केलेला एक घोडा होता, घोड्यात तेलाची बाटली उलटी अडकवलेली होती आणि बाटलीच्या तोंडाशी एक लहानसा पितळी नळ होता. नळातून तेलाचा थेंब जमायचा, जड व्हायचा आणि दिव्यात पडायचा. लिफ्टच्या मशीन-रूममध्ये चाकांच्या आसावर तेल असंच थेंबाथेंबाने सोडलेलं असतं. इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला अखंड तेवणाऱ्या दिव्यासाठी दुसरं काही सुचलं असतं तरच नवल.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या चुलतभावाची बायको. उद्या घट बसायचे म्हणून त्या माती आणि धान्य घेऊन आल्या होत्या. पण खरं म्हणजे त्या बोलायला आल्या होत्या. घराण्याचे देव, म्हणजे चांदीच्या चिमुकल्या पत्र्यावर उमटवलेला कुलदेवीचा टाक, त्याच्या वडिलांपासून याच घरात होता. वडील गेले, आई गेली, आणि त्यानंतर सगळं त्याची धाकटी बहीण करत आली. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत, हे विचारणारी माणसंही एकेक करून संपली. बहीण जाऊन आता वर्ष उलटलं होतं. गेल्या वर्षी पाळायचं म्हणून घरात सण झालाच नव्हता. या वर्षी कुणीतरी करायला हवं होतं.

वहिनींनी आडवळणाने बोलून पाहिलं, मग सरळच सांगितलं, की तुम्ही दिवसभर बाहेर, घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा टाक आमच्याकडे येऊ द्या. तो बराच वेळ नळाची चावी फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, एवढं वर्ष मला करून बघू द्या. नाहीच जमलं, तर दसऱ्याला तुम्ही घेऊन जा.

वहिनींनी आणखी एक थेंब पडू दिला.

"दिवा राहील हो. पण नवरात्रात घर बंद करायचं नसतं, त्याचं काय? त्याला कुठला नळ बसवणार आहात?"

वहिनींना लिफ्टपर्यंत सोडून तो परत आला आणि दार लावताना त्याचा हात कडीवरच थांबला.

घर बंद करायचं नसतं, हे वाक्य त्याने जन्मभर ऐकलं होतं; ते आपल्याला कधी लागू पडेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. नवरात्राचे नऊही दिवस बहीण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. दूध, भाजी, फुलं तोच येताना आणायचा. एकदा त्याने थट्टेने विचारलं होतं, की देवी काय पळून जाणार आहे? तेव्हा ती वाती वळता वळता म्हणाली होती, "देवी घटाशी बसली की नऊ दिवस उठत नाही, दादा. पाहुणा घरात बसलेला असताना कुलूप लावून जातं का कुणी?" तो हसला होता. इतर वेळीही ती कुठे फारशी जात नसे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. शहराच्या कुठल्याही टोकाला, कुठल्याही अंधाऱ्या मशीन-रूममध्ये तो असो, वरच्या मजल्यावरच्या त्या खिडकीत दिवा असणार, हे त्याने धरूनच चाललेलं असायचं. आपल्या नाडीचे ठोके धरून चालतो तसं.

ती गेल्यावर तो कामावर जास्त वेळ राहू लागला. घातलेल्या जागी पुन्हा तेल घालायचा, पुसलेले दोर पुन्हा पुसायचा. जोडीदार निघून गेला तरी तो हत्यारं लावत बसायचा. घरी जायची टाळाटाळ करतो आहोत, असं त्याने स्वतःशीही कधी म्हटलं नाही. पण देव घरातून गेले, तर त्याने यावं म्हणून खोळंबलेलं असं त्या खोल्यांत काहीच उरणार नव्हतं. हे त्याने वहिनींना सांगितलं नाही. सांगता आलंही नसतं.

हातावरचं ग्रीस दोनदा साबणाने धुऊन तो समोरच्या दारापाशी गेला.

समोर मास्तर राहत. जन्मभर शिवणकाम केलेले, आता जवळच्या बारीक कामाला डोळ्यांनी दगा दिल्यामुळे घरी बसलेले. मुलगी लांब, बायको देवाघरी. इतकी वर्षं दोघांची दारं समोरासमोर होती, पण बोलणं म्हणाल तर मास्तरांनी "लिफ्ट चालू आहे ना?" विचारावं आणि त्याने "चालू आहे" म्हणावं, इतकंच. त्याने दारात उभ्यानेच सगळं सांगितलं. घट, दिवा, टाक, वहिनी. एरवी महिन्याभरात बोलत नसेल इतकं तो एका दमात बोलला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मला मंत्रबिंत्र काही येत नाहीत."

"मंत्र नकोत. तुम्ही नुसतं बसायचं. मी येईपर्यंत."

"नुसतं बसायचं," मास्तर म्हणाले. "ते येतं मला. सध्या तोच धंदा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "दुपारी मी घोरतो. तुमच्या देवीला चालेल का, ते विचारून सांगा."

तो गंभीरपणे म्हणाला, की तिला सवय आहे. आमचे वडील घोरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घट बसवले. आठवेल तसं, अडखळत. पसरट टोपलीत माती पसरली, तीत धान्य पेरलं, मधोमध पाण्याने भरलेला कलश ठेवला, कलशावर नारळ. बाजूच्या पाटावर लाल वस्त्र घालून विड्याच्या पानावर टाक ठेवला. रोज एक फुलांची माळ घटावर सोडायची असते. त्यासाठी छताला आकडा होताच. पण माळ बरोबर कलशावर यावी म्हणून त्याने आपला ओळंबा काढला. लिफ्टच्या रुळांची सरळ रेघ पाहतात, तो. मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले, खुर्चीत बसले आणि चष्म्याच्या वरून पाहून म्हणाले, "अर्धं बोट डावीकडे आहे."

त्याने पुन्हा ओळंबा सोडला. माळ खरोखरच अर्धं बोट डावीकडे होती.

त्या दिवशी तो कामावरून परतला तेव्हा दार उघडं होतं. बाहेर मास्तरांच्या चपला होत्या आणि आतून कुणीतरी खाकरल्याचा आवाज आला. जिन्याच्या तोंडाशी तो क्षणभर उभाच राहिला. उघड्या दारातून येणारा उजेड बाहेरच्या फरशीवर पडलेला होता. त्यावर पाय द्यावा की नाही, हे न कळल्यासारखा.

मास्तरांनी त्याला दिवसभराचा अहवाल दिला. गॅसवाला येऊन गेला. खालच्या मजल्यावरची बाई वाटी मागायला म्हणून आली आणि घट बघून हात जोडून गेली. एक कबुतर खिडकीत बसून फार वेळ विचार करत होतं. "तुमची देवी काही बोलली नाही," मास्तर म्हणाले, "मीच बोललो मग."

काय बोललात, असं विचारायचं त्याच्या मनात आलं. पण कुणाला काही विचारायची त्याच्या जिभेची सवय मोडली होती. त्याने चहा टाकला. दोघांनी तो दिव्याच्या उजेडात, एकमेकांकडे न बघता प्यायला.

मग ते रोजचंच झालं. टोपलीतल्या मातीतून आधी पांढरे, मग पिवळसर कोंब वर आले. मास्तर त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवून असत. उजव्या कोपऱ्यातले जरा मागे आहेत, पाणी तिकडे कमी पडतंय, असं शिवणीतला दोष दाखवावा तसं सांगत. एके दिवशी तो आला, तर मास्तरांनी पाटावरच्या लाल वस्त्राची सुटलेली कड बघून सुईदोरा काढून ठेवला होता. हात न लावता ते बसून होते. म्हणाले, सुईत दोरा ओवून द्या, पुढचं माझी बोटं करतील. त्याने दोरा ओवला. मास्तरांनी टाकाला धक्का न लावता, पाटापाशी बसून, जवळजवळ डोळे मिटूनच ती कड दुमडून घातली. टाके इतके बारीक होते की त्यालाच ते दिसायला दिव्याजवळ वाकावं लागलं.

तो आता कामावरून वेळेत निघू लागला. हत्यारं पिशवीत भरताना जोडीदाराने विचारलं, "काय दादा, घरी कोण आलंय?" तो म्हणाला, पाहुणे आहेत. आणि वाटेत फुलं घेताना हे आपण काय सांगून बसलो, याचं त्याला थोडं हसू आलं, थोडं वाईट वाटलं. पाहुण्यांचे दिवस ठरलेले असतात.

अष्टमीच्या दुपारी ऊन फार तापलं होतं. पावसाळा सरून थंडी यायच्या आधी असे काही दिवस येतात, जेव्हा ऊन जाता जाता वळून पाहिल्यासारखं भाजतं. एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक बाई आणि तिची म्हातारी सासू. त्याला ब्रेक हाताने सोडवून, चाक फिरवून लिफ्टचा पाळणा तसूतसूने खाली आणावा लागला. म्हातारी बाहेर आली आणि त्याचा काळाकुट्ट हात हातात धरून बसली, सोडेचना. त्यामुळे उशीर झाला.

वरच्या मजल्यावर पाऊल ठेवताच त्याला तेलाचा वास आला.

मास्तर जमिनीवर गुडघे टेकून बसले होते आणि स्वतःच्या टॉवेलने फरशी पुसत होते. दिवा तेवत होता. पण पाटावर, फरशीवर, तारेच्या घोड्यावर तेल पसरलं होतं आणि बाटली रिकामी होती.

"विझला होता," मास्तर वर न पाहता म्हणाले. "मी परत लावला. काडीने."

त्याने बाटलीला हात लावला. ती अजून कोमट होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ तिच्यावर आलं असणार. उन्हाने तेल पातळ होतं, पातळ तेल नळातून भरभर सुटतं, दिवा काठोकाठ भरतो आणि वात बुडते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात मशीन-रूममधले सगळे नळ तो स्वतः फिरून घट्ट करत असे. आपल्या घरात ऊन कुठून येतं आणि कुठे पडतं, एवढंच त्याला माहीत नव्हतं. दुपारी तो या घरात कधी नसेच.

"माझा डोळा लागला," मास्तर म्हणाले. "तुम्ही घोरण्याची परवानगी आणली होती. मी झोपच काढली."

तो म्हणाला, चूक नळाची आहे आणि नळ माझा आहे. मास्तर म्हणाले, राखणीला बसलेला माणूस जागा असता, तर नळ काय करणार होता? अशी दोघांची, आवाज न चढवता, चुकीवरून ओढाताण झाली. मग मास्तर उठले, टॉवेल पिळायला गेले आणि मोरीतूनच म्हणाले, "कुणाला कळायचं कारण नाही. मी काही बोलणार नाही."

त्याने तारेचा घोडा काढून माळ्यावर टाकला, नवी वात घातली आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाता स्वतःच दिव्यापाशी बसला. मास्तर तरीही आपल्या वेळेला वर्तमानपत्र घेऊन आले. बसायचं काही कारण उरलेलं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

दसऱ्याला सकाळीच वहिनी आल्या. कोंब बघून त्यांचा चेहरा फुलला. "अगं बाई, किती छान आलंय," असं टोपलीलाच म्हणाल्या. पाटाभोवती फिरल्या, वस्त्राची कड बोटाने चाचपून कुणी घातली म्हणून विचारलं आणि समोरच्या मास्तरांनी घातली, हे ऐकून मान डोलावली. दिव्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या विचारतील म्हणून तो पहाटेपासून वाट पाहत होता. त्या विचारणार नाहीत असं दिसल्यावर त्याला आणखीच उभं राहवेना.

"वहिनी, दिवा विझला होता. अष्टमीला. माझ्या नळामुळे."

वहिनींनी एक कोंब हळूच खुडला, कानामागे खोचला आणि खुर्चीत बसल्या. त्या हसत होत्या, पण त्याला नव्हे.

"वन्संचाही विझायचा की."

तो बघतच राहिला.

"दर वर्षी नाही. पण विझायचा. कधी वारा, कधी काजळी. मला फोन यायचा रडकुंडीला येऊन. मी म्हणायचे, हात जोडा, चुकलं म्हणा आणि लावा परत. देवी काय रुसून उठून जाते?"

"मला कधी बोलली नाही ती."

"तुम्हाला कशा बोलतील? तुम्ही म्हणे कामावरून आलात की चपला काढायच्या आधी दिव्याकडे बघायचात. दिवा आहे म्हटल्यावर मग आत."

ते खरं होतं. दारातून तो दिव्याकडे पाहायचा; दिव्याशेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिल्याचं त्याला एकदाही आठवेना. त्या दिवशी ती रडली असेल, तर डोळे लाल असतील. वहिनींना शहराच्या दुसऱ्या टोकाला जे कळत होतं, ते त्याला हातभर अंतरावर कळलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, की देव नेण्याची त्यांची घाई नव्हतीच. दवाखान्यात असताना वन्संनीच त्यांचा हात धरून सांगितलं होतं, देव इतक्यात नेऊ नका. दादाला घरी यायला काहीतरी लागेल. "मी म्हटलं, तुम्हाला ओझं होत असेल तर विचारून बघावं. ओझं नसेल, तर राहू द्या हो. टाक कुठेही असला तरी तो आपलाच."

म्हणजे त्याची परीक्षा कुणी घेतच नव्हतं. तो पाटासमोर बसला. चांदीच्या त्या लहानशा पत्र्यावरची आकृती इतक्या वर्षांच्या हाताळण्याने झिजून गेली होती. डोळे तेवढे उरले होते. बहिणीने जाता जाता देवीला त्याच्यापाशी बसायला सांगितलं होतं, जशी ती स्वतः बसून राहिली होती. खिडकीत दिवा लावून, एका माणसाच्या येण्याच्या वेळा सांभाळत. आणि तो मात्र येऊन फक्त दिवा पाहणार. आणखी कुणाला आपण असं बसवून ठेवावं, हे त्याला एकदम सोसेना.

"घेऊन जा, वहिनी."

"अहो, मी काय म्हणतेय?"

"कळलं मला. पण तुमच्याकडे घर कधी बंद होत नाही."

वहिनींच्या घरी दोन मुलगे, दोन सुना होत्या आणि दार सताड टाकून जिन्यात खेळणारी नातवंडं. त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या.

त्याने अक्षता वाहून घट जरासा हलवला, म्हणजे घट उठले. मग मोठ्या वाटीत तांदूळ भरले, तांदळांवर टाक ठेवला आणि मास्तरांनी कड घातलेलं लाल वस्त्र वरून झाकलं. मास्तरांना आवाज दिला. ते आपल्या दारातच उभे राहिले. हात जोडावेत की काय करावं, हे त्यांना उमगत नव्हतं. शेवटी त्यांनी सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावली.

लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. वहिनी वाटी दोन्ही हातांत धरून आत उभ्या राहिल्या. संध्याकाळी जेवायला या, सगळे वाट बघतात, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. तो हो म्हणाला.

"येते हं भावोजी," त्या म्हणाल्या. जाते, असं म्हणायचं नसतं.

तांदूळ सांडू नयेत म्हणून त्याने दोन्ही जाळ्या हाताने, आवाज न करता ओढून घेतल्या. पाळणा हलला. आधी लाल वस्त्र दिसेनासं झालं, मग वहिनींचा भांग, मग पाळण्याच्या टपावरची धूळ. समोरून दोर शांतपणे सरकत होते. तो जाळीला हात लावून उभा राहिला. देव जसजसे खाली गेले, तसतसं त्यांना तोलून धरणारं लोखंडाचं काळं वजन विहिरीसारख्या त्या पोकळीतून संथपणे वर आलं, आणि जाळीपलीकडे, बरोबर त्याच्यासमोर येऊन थांबलं.